काकीचं उसनं नाक

मसालाकाकी जिन्यात उभी राहिली की आमच्या लालबागच्या चाळीतला सगळा स्वयंपाक उघडा पडायचा. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाच्या आमटीत हिंग पडायचा राहिला, कुणाकडे पाहुणे येणार म्हणून कोलंबी आली आणि कुणी ती पाहुणे गेल्यावर खायची ठरवलीये, हे सगळं ती पहिल्या मजल्याच्या वळणावर उभी राहून, डोळे मिटून, मोठ्यांदा सांगायची. आई तर तिच्या भीतीने उरलेली भाजी शेजारी द्यायच्या आधी दोनदा गरम करायची.

दर उन्हाळ्यात सगळ्या चाळीचा मालवणी मसाला तीच भाजायची. गच्चीवर मिरच्या वाळायच्या, आणि काकी खाली खोलीच्या दारात मोठी लोखंडी कढई घेऊन बसायची. कढईत ती कधी बघायची नाही. तोंड रस्त्याकडे, हात कढईत, आणि नाक मध्ये कुठेतरी. आईने एकदा सुचवलं की जरा बघून भाजावं, तर म्हणाली, "बघून भाजूक मी काय नवी सून आसंय?"

या नाकाचा सगळ्यात जास्त त्रास तात्यांना. ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि संध्याकाळी थोडी घेऊन यायचे. कुणाला कळू नये म्हणून वेलची चघळत जिना चढायचे. काकी वरूनच हाक द्यायची, "तात्यानू, वेलची म्हाग झाली म्हणतत, तरी तुमची सुटना नाय!" सगळ्या गॅलऱ्या हसायच्या. तात्यांची सून दार लोटून घ्यायची.

मी हसायचे नाही, कारण माझाही एक वेलचीचा मामला होता. मी अडखळत बोलते. 'क'वर तर माझी गाडी हमखास बंद पडते. इंग्रजी शाळेत मी यावर एक उपाय शोधला होता. जो शब्द येणार नाही तो बोलायचाच नाही, शेजारचा उचलायचा. मला कॉफी आवडते, पण हॉटेलात मी वर्षानुवर्षं चहा प्यायले. लोकांना वाटायचं, मुलगी शांत आहे, संस्कारी आहे. काकीला तर मी कधी हाकच मारली नाही. तिच्यासमोर जाऊन नुसती उभी राहायचे. ती म्हणायची, "इली आमची मडम. कान्व्हेंटात तोंड जमा करून घेतत काय गो?"

मग ती साथ आली. काकीला ताप आला आणि गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. चाळीत आणखी काही जणांचं तसं झालं होतं. त्यांचं परत आलं. काकीचं आलं नाही. तिने मात्र कुणाला पत्ता लागू दिला नाही. ती पूर्वीसारखीच जिन्यात उभी राहायची आणि वारावरून ठोकून द्यायची. सोमवारी "वाल," बुधवारी "बांगडे," रविवारी "मटण." आमच्या चाळीत एवढ्यावर सहज निभावतं.

एका रविवारी संकष्टी आली. काकीने डोळे मिटले आणि जाहीर केलं, "तीन नंबरात मटण शिजता." तीन नंबर म्हणजे आमचं घर. आत आई सोवळ्यात साबुदाण्याची खिचडी परतत होती. आई उलथनं घेऊनच बाहेर आली. पुढे आठवडाभर दोघींचं बोलणं बंद. आईला वाटलं, काकीने मुद्दाम अपमान केला. मी मात्र काकीचा चेहरा बघितला होता. येत नसलेला शब्द टाळताना माझा चेहरा आरशात तस्साच दिसतो.

त्या उन्हाळ्यात काकीने नेहमीसारखी रस्त्याकडे बघत मसाला भाजला. धणे काळे पडले, मेथी करपली. मसाला कुटून आला, घरोघरी डबे पोचले. आणि सगळी चाळ तो कडू मसाला निमूटपणे खायला लागली. आईने माशाच्या कढीत गूळ घातला. हे मी घराबाहेर पहिल्यांदाच सांगते आहे. दुसऱ्या मजल्यावरचे लोक तर काही नवस नसताना शाकाहारी झाले. काकीने विचारलं की प्रत्येक जण म्हणायचा, "एक नंबर!" आणि घाईघाईने जिना उतरायचा. काकीला खरं सांगायची कुणाची हिंमत नव्हती, आणि काकीला स्वतःला ते कळायचा मार्गच नव्हता.

शेवटी तिने मला जिन्यात अडवलं. "मडम, मसालो कसो झालो?"

मी तोंड उघडलं आणि नेमका 'क'च आडवा आला.

"कडक?" काकी म्हणाली.

मी नकारार्थी मान हलवली.

"कमाल?"

लोक नेहमी माझी वाक्यं पूर्ण करतात. बहुतेक वेळा मी त्यांचंच वाक्य माझं म्हणून घेते आणि निघून जाते. त्या दिवशीही जाता आलं असतं. पण काकीच्या डोळ्यांत काहीतरी निराळं होतं. ती कौतुक मागत नव्हती, चौकशी करत होती. मी कठडा धरला आणि शब्द बाहेर येईपर्यंत उभी राहिले. "क... क... कडू."

काकी वळली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ते दार बरेच दिवस उघडलं नाही. जिना एवढा शांत झाला की तात्यांनी वेलची सोडली.

मग एका सकाळी कढईवर उलथनं आपटल्याचा आवाज आला. सगळे गॅलरीत आले. काकी तिच्या नेहमीच्या वळणावर उभी होती.

"आयका सगळ्यांनी," ती म्हणाली. "माझा नाक गेला. चवपण गेली. संकष्टीक मटण म्हटलंय ता तेच्यामुळे. मसालो मीच करपवलंय आणि तुम्ही लबाड लोकांनी तो गपचूप खाल्ल्यात. आता परत भाजूया. हात माझो, नाक तुमचा."

आई खाली गेली आणि काकीचा हात धरून म्हणाली, "देवाने काहीतरी विचार करूनच..."

"देवाचा नाव नको गो," काकी म्हणाली. "तापान नेला. रोज सकाळी चाय पिताना माका राग येता. आधी मी तेका हाकलून देय. जाय ना. आता म्हणतंय, ये बाबा, बस, चाय घे. तुकापण चव लागाची नाय."

आई रडायच्या तयारीने गेली होती. ती हसत परत आली.

नाक म्हणून काकीने मला निवडलं. मी हादरलेच. खुणेने विचारलं, मीच का? तर म्हणाली, "बाकीचे पटकन खोटा बोलले. तू येवढी मेहनत करून बोलतंस. ती खोटा बोलूक कित्याक वाया घालवतलंस?" माझ्या अडखळण्याचा कुणाला उपयोग होईल, असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

कढईशेजारी बसल्यावर नवीच अडचण उभी राहिली. वासाला मराठीत शब्द असतात, ते मला कुणी शिकवलेच नव्हते. काकी विचारायची, "धण्याचो वास कसो येता?" मी म्हणायचे, "नाइस."

"नाइस म्हणजे कसो?"

"म्हणजे... स्ट्राँग."

"मडम, माझा नाक गेला. तुझा आसा, तर वापर."

मग मी मला जे खरोखर आठवायचं ते सांगायला लागले. भाजलेल्या धण्यांचा वास इस्त्रीच्या दुकानासारखा. लवंग म्हणजे डेंटिस्ट. बडीशेपेचा वास हॉटेलात बिल आल्यासारखा. दमट मिरचीचा वास मागच्या वर्षीचा रेनकोट कपाटातून काढल्यासारखा. प्रत्येक वास सांगायला मला वेळ लागायचा. काकी एक हात कढईत चालू ठेवून गप्प राहायची. 'कडू'च्या दिवसानंतर तिने माझं एकही वाक्य पूर्ण केलं नाही. थोड्या दिवसांत ती अगदी सहज म्हणायला लागली, "धणे इस्त्रीवर इले काय? बडीशेप बिलावर इली, उतरव." आईला वाटायचं, आम्ही दोघी आता ठार वेड्या झालो.

मिरच्या आणायला आम्ही मसाल्याच्या गल्लीत गेलो तेव्हा मी एक मिरची हुंगून काकीकडे बघितलं. काकीने पोतं बाजूला सारलं आणि दुकानदाराला सुनावलं, "ह्या मिरचेक रेनकोटाचो वास येता." दुकानदार इतक्या वर्षांचा मुरलेला, पण त्याने स्वतः मिरची हुंगली, पोत्याकडे बघितलं आणि आतलं दुसरं पोतं काढलं. तो मसाला चांगला झाला. दुसरा मजला पुन्हा मांसाहारी झाला.

त्याच वर्षी तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ते अंथरुणाला खिळले. त्यांच्या खोलीत वास येऊ लागला. कामाला ठेवलेल्या बाया चार दिवसांत सोडून जायच्या. भेटायला येणारे दारातूनच "लवकर बरे व्हा" म्हणून जायचे. सून उदबत्त्यांवर उदबत्त्या लावायची आणि लाजेने कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. काकी पेजेचं भांडं घेऊन सरळ आत शिरली. मी तिच्या मागे होते. सून पुटपुटली, "काकी, खोलीत जरा वास..."

"तुझ्या घरातलो वास आता माका काय कळाचो नाय," काकी म्हणाली. "माझ्याइतकी सोयीची बाई तुका सगळ्या मुंबयत गावाची नाय. सर बाजूक."

ती रोज जायला लागली. तात्यांचं अंग पुसून द्यायची, पेज भरवायची. त्यांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द बाहेर यायला खूप वेळ लागायचा. सून बिचारी घाईने सुचवायची, "पाणी? उशी? पंखा?" काकी तिला गप्प करायची. वाट बघायची तिला सवय झाली होती. एकदा तात्या कितीतरी वेळ खटपट करत होते. शेवटी शब्द आला, "वेलची."

काकी एवढी हसली की पेज सांडली. "आता खंयचो वास लपवतात, तात्यानू? आणि कोणापासून?" मग पदराच्या गाठीतून तिने एक वेलची काढली, सोलली आणि दाणे त्यांच्या जिभेवर ठेवले. म्हणजे ती आधीपासूनच बाळगून होती. तात्यांच्या अर्ध्या तोंडाला हसू आलं.

जिना उतरताना ती म्हणाली, "इतकी वर्सां माका तेंचो नुसतो वास येय. माणूस आत्ता दिसलो." त्यानंतर जिन्यात उभी राहून तिने कुणाच्याही घरातलं काही जाहीर केलं नाही. वारावरूनसुद्धा नाही.

तात्या गेले. मग चाळ पाडायची ठरली. आम्ही करी रोडला एका टॉवरमध्ये भाड्याने राहायला गेलो. काकी गावी जायला निघाली, सावंतवाडीजवळ दिराकडे. सामान टेम्पोत चढलं होतं. तिने ती लोखंडी कढई माझ्या हातात दिली. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे अडकले. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, "मॅडम, जल्दी बोलो ना."

"गप रे मेल्या," काकी म्हणाली. "ती बोलता हा."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. बऱ्याच वेळाने माझ्या तोंडून एकच शब्द आला. "काकी." तिला मारलेली ती माझी पहिली हाक.

"ओ," काकी म्हणाली. आणि टेम्पोत बसली.

या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा एकटीने मसाला भाजायला घेतला. आई म्हणाली होती, विकत आणू, हा टॉवर आहे. पण कढई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. काकीला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. फोनवर मी अडखळले की लोक दोनदा "हॅलो, हॅलो" करतात आणि नेटवर्कला शिव्या देऊन ठेवून देतात. काकी हॅलो म्हणत नाही. तिकडे कोंबड्या ओरडत राहतात, म्हणजे फोन चालू आहे एवढं कळतं. धणे ती नुसत्या आवाजावरून ओळखत होती. "बोलूक लागले. इस्त्रीवर इले?" "आले." "उतरव."

सगळं नीट चाललं होतं. मग मी मिरच्या घातल्या.

छतावरची धुराची घंटा बोंबलायला लागली. पाठोपाठ दाराची बेल. दार उघडलं तर वॉचमन, दोन शेजारी आणि वरच्या मजल्यावरच्या एक बाई, सगळे नाकाला रुमाल लावून खोकत उभे. पूर्वीची मी असते तर आत जाऊन बाथरूममध्ये बसले असते.

"मॅडम, आग लगी क्या?"

"क... क..."

"कुकर फटा? करंट लगा? कचरा जला?"

त्या सगळ्यांकडे बघताना मला काकीचं ते वळण आठवलं. मी हात वर केला.

"थांबा," मी म्हणाले. "मी अडखळते. मला वेळ लागतो. पण वाक्य मीच पूर्ण करणार."

हे वाक्यही मी दोन ठिकाणी अडखळतच म्हटलं. सगळे थांबले. फक्त खोकत राहिले, पण तेही जरा आदराने.

"क... काकीचा मसाला भाजतेय. आग नाही."

आतून फोन ओरडला, "मडम, भाषण मगे कर! मिरची बघ!"

मिरची झाली होती की करपली होती, ते मला कळेना. एवढ्या धुरात माझं स्वतःचं नाक चोंदलं होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी वरच्या मजल्यावरच्या बाईंना म्हणाले, "जरा आत येता? क... कसला वास येतोय, सांगा ना. मनात येईल ते सांगा."

बाई बावरल्या. मग रुमाल बाजूला करून त्यांनी कढईवर वाकून एक दीर्घ श्वास घेतला. खोकल्या. पुन्हा हुंगलं. कितीतरी वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत आणि मीही त्यांना काही सुचवलं नाही.

"माझ्या सासूबाईंसारखा," त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे जरा जास्तच भरून आले. "तापट होत्या. पण जवळ बसलं की बरं वाटायचं."

फोनवर नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

"तापट, पण बरा वाटता?" काकी म्हणाली. "मगे झाली. उतरव."