योग्य उत्तर गोल करा

पुण्याहून नागपूरला नोकरीसाठी गेलो, तेव्हा विदर्भाला शुद्ध मराठी द्यायलाच माझी नेमणूक झाली आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात नेमणूक होती विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या कामावर. गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमच्या प्रमुख होत्या एक मॅडम. नरखेडकडच्या, संत्र्यांच्या बागाईतदार घरातल्या. तोवर परीक्षा फक्त इंग्रजीत होई. समितीशी भांडून मॅडमनी मराठी पेपर मिळवला होता, पण अटीवर: गोंधळ झाला, तर पुन्हा सगळं इंग्रजीत. खेड्यापाड्यातल्या मुलांचं दार त्या एका पेपरानं उघडं राहणार होतं.

सूचनांचं भाषांतर माझ्याकडे होतं. बरोबर उत्तराभोवती वर्तुळ काढा, एवढंच सांगायचं होतं. मी ऐटीत लिहिलं, ‘योग्य उत्तर गोल करा.’ कसं सुटसुटीत!

मॅडमची एक रीत होती. छपाईआधी सूचना त्याच, पण प्रश्न वेगळे, असा नमुना त्या एखाद्या वर्गाकडून सोडवून घेत. या खेपेला कळमेश्वरची एक शाळा होती. पेपर गोळा केले आणि मी हादरलो. निम्म्या वर्गानं बरोबर उत्तरं शाईनं गिरगटून पार दिसेनाशी केली होती.

“मुलं फारच कच्ची आहेत,” मी मॅडमना म्हणालो.

पहिल्या बाकावरची मुलगी उसळली. “तुम्हीच तर लिहिलं न सर, गोल करा! मंग केलं गोल.”

मॅडम हसत हसत खुर्चीत बसल्या. “काहून जी, तुम्ही कधी तास गोल केला नाही वाटते?”

गोल करणं म्हणजे गायब करणं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. मी योग्य उत्तर गायब करायला सांगितलं होतं आणि पोरांनी ते इमानानं केलं होतं.

बातमी समितीत पोचलीच. इंग्रजीचे कैवारी असलेले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “मराठीत हे होणारच, सांगितलं होतं मी.”

मी टेबलाखाली जागा शोधू लागलो. मॅडमनी माझं नावही काढलं नाही. “सूचना मी मंजूर केली होती,” म्हणाल्या आणि इंग्रजी नमुना त्यांच्यापुढे सरकवला. “साहेब, एवढं एक पान सोडवून द्या न.”

साहेबांनी झरझर सोडवलं. उत्तरं सगळी अचूक, प्रत्येकासमोर बरोबरची सुबक खूण. वर्तुळ एकही नाही.

“आता हे इंग्रजीमुळं झालं म्हणायचं का, साहेब?”

मराठी पेपर राहिला. दोन्ही भाषांच्या पेपरांवर मॅडमनी एक सोडवलेला प्रश्न छापून घेतला: संत्रं काय आहे? ‘फळ’भोवती ठसठशीत वर्तुळ. माझं ‘गोल करा’ जाऊन तिथं ‘गोल काढा’ आलं.

परीक्षेच्या सकाळी हॉल गच्च भरला. मी रांगांमधून फिरलो, तर जिकडेतिकडे वर्तुळंच वर्तुळं. दाराशी मॅडम हळूच म्हणाल्या, “पाहून राहिले न? कोणीच गोल केली नाही.”

“उत्तरं?”

“परीक्षा जी!”