कोल्ह्याचं तोंड

त्या वर्षी माझे जेवढे फोटो निघाले तेवढे त्याआधी कधी निघाले नव्हते आणि नंतरही निघाले नाहीत. सगळ्यांत मी एकटाच आहे. हातात शाळेतली काळी पाटी, पाटीवर खडूने तारीख आणि जागेचा नंबर, मागे काटेरी झुडपं.

ही काही हौस नव्हती, प्राण्यांच्या पाहणीचं काम होतं. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. प्राण्यांचे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे तेव्हा रोलवर चालत. समोरून काही हललं की कॅमेरा फोटो काढायचा. नवा रोल घातला की पहिला फोटो पाटी धरून स्वतःचा काढायची आमची पद्धत होती. त्यावरून कॅमेरा चालतोय हे कळायचं आणि नंतर कुठला रोल कुठल्या जागेचा हा घोळ व्हायचा नाही. रोल काढतानाही तसंच. म्हणजे प्रत्येक रोलच्या दोन्ही टोकांना मी, आणि मधे शेळ्या, गाई, भटकी कुत्री, नाहीतर वाऱ्याने हललेली फांदी.

मला हवा होता कोल्हा. तमिळ मुलखातल्या त्या मोठ्या शहराच्या कडेला, वेलचेरीच्या पुढे दलदलीला लागून एका सरकारी खात्याची मोठी पडीक जमीन होती. तिच्या एका अंगाला पाणी आणि लव्हाळी, दुसऱ्या अंगाला शोळिंगनल्लूरकडचा रस्ता, जिथे बघता बघता काचेच्या इमारती उठत होत्या. या जमिनीला चहूबाजूंनी भिंत घालायचं ठरलं होतं. माझं म्हणणं असं की कोल्हे दिवसा या झुडपांत पडून असतात आणि खायला दलदलीत उतरतात. सलग भिंत झाली की आतले आत मरतील आणि बाहेरचे रस्त्यावर.

खात्याचे साहेब सज्जन होते, आणि सज्जन माणसाशी भांडताही येत नाही. मी पिशवीतून बोराच्या बिया असलेली विष्ठा नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हे कुत्र्याचंही असू शकतं." मग म्हणाले, "कोल्ह्याचा एक फोटो आणा. भिंतीला जमिनीलगत भोकं ठेवायला सांगतो. फोटोच नसेल तर भोकं कुणासाठी ठेवली असं लिहू मी?"

बोलणं रास्त होतं. मला त्याचाच राग आला.

मग वर्षभर मी त्या झुडपांत फिरलो. सकाळी लवकर शेअर ऑटोने जायचं, कॅमेरे तपासायचे आणि ताडाच्या झाडाखाली एक सपाट दगड होता त्यावर बसून डब्यातली इडली खायची. दिवसभरात बोलायला कुणी नाही, एखादा शेळ्या चारणारा भेटला तर तेवढाच. राहायला वेलचेरीत एका फ्लॅटमध्ये दोन मराठी मुलांबरोबर होतो. एक इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात होता, दुसरा सॉफ्टवेअरमध्ये. मी उठायच्या आत एकाची बस जायची आणि मी झोपल्यावर दुसऱ्याची यायची. आम्ही एकमेकांना मुख्यतः बाथरूममधल्या ओल्या टॉवेलांवरून ओळखत होतो. मराठी माणसं घरात असून मराठी बोलायला मला रविवारी एसटीडी बूथवर जावं लागे, आईला फोन करायला.

आईला स्थळांना दाखवायला माझा फोटो हवा होता. माझ्याकडे फोटोंची काय वाण! त्यातला बरा बघून एक पाठवला. तिचा आवाज पडला. "हातात पाटी कशाला धरलीस रे? पोलीस चोराला धरायला लावतात तशी."

रोल धुवायला मी वेलचेरीच्या बाजारातल्या एका स्टुडिओत द्यायचो. स्टुडिओवाला पोक्त गृहस्थ होता, मला तंबी म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलायचा, त्यातलं जमेल तेवढं मी उचलायचो. प्रिंट काउंटरच्या काचेवर पत्त्यांसारखे मांडायचा आणि मान हलवायचा. "तंबी, परत तुम्हीच."

त्यानेच मला सांगितलं की त्यांच्याकडे सकाळी उठल्या उठल्या नरीचं, म्हणजे कोल्ह्याचं, तोंड दिसलं तर दिवस फार चांगला जातो असं मानतात. मी त्याला सांगितलं, आमच्याकडेही दिवस वाईट गेला की 'आज कुणाचं तोंड बघितलं होतं' म्हणतात. तो म्हणाला, "तुम्ही कुणाचं बघता?" मी स्टुडिओतल्या आरशाकडे बोट दाखवलं. तो हसला. मलाही हसू आलं, पण खोलीवर येईपर्यंत ते टिकलं नाही. सकाळी पहिलं तोंड माझंच दिसायचं आणि शेवटचंही माझंच. खूप एकटं वाटायचं तेव्हा. कामाचा माणूस आहे, एकटेपणा चालतो आपल्याला, असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि ते साफ खोटं होतं.

पावसाळा सरला आणि जमिनीच्या कडेला विटांचे ट्रक रिकामे होऊ लागले. सोमवारपासून पाया खणणार असं कळलं. त्या शनिवारी माझ्याकडे शेवटचा रोल उरला होता. जिथे कॅमेरा लावायचा ती पायवाट अजून बरीच आत होती, उन्हं वर आली होती आणि खांद्यावरची पिशवी नकोशी झाली होती. कोल्हे गेले खड्ड्यात, असं मोठ्याने म्हणून मी कॅमेरा त्या ताडालाच बांधला, माझ्या दगडाकडे तोंड करून. पाटी धरून दगडावर बसलो, फोटो निघाला. इडली खाल्ली, डबा बंद केला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी रोल काढला आणि थेट स्टुडिओत गेलो. रविवार होता, पण त्याने माझ्यासाठी रोल धुतला.

पहिला फोटो माझा, पाटीसकट. पुढचे दोन-तीन माझे इडली खातानाचे. स्टुडिओवाल्याने मान हलवायला सुरुवात केली होती. मग त्याने पुढचा प्रिंट ठेवला आणि त्याचा हात तिथेच थांबला.

दगड तोच. ताडाची सावली जवळपास होती तिथेच. आणि माझ्या बसायच्या जागेवर मागचा एक पाय वर करून, कॅमेऱ्याकडे सरळ बघत, एक कोल्हा मुतत होता.

सावली सरकली नव्हती, म्हणजे मी वळलो आणि तो आला. म्हणजे मी खात होतो तेव्हा तो जवळच कुठेतरी झुडपात बसून होता. या शहरात मी कुठे जातो, कुठे बसतो याची कुणाला खबर नाही असं मी धरून चाललो होतो. आणि इथे एकजण मी उठायची वाट बघत होता, माझा वास घालवून जागा पुन्हा स्वतःची करायला. बहुधा रोजच करत असेल. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. स्टुडिओवाल्याने ते पाहिलं आणि पंख्याचं बटण उगाच खालीवर केलं. एक कॉपी त्याने स्वतःसाठी काढली, सकाळी दुकानाचं शटर उघडल्यावर समोर दिसेल अशी लावायला.

साहेब फोटो बघून हसले आणि त्यांनी शब्द पाळला. भिंत झाली, भोकांसकट. माझं काम संपलं, आत जायची परवानगी संपली आणि कॅमेरे परत गेले. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो.

आईला मी दोन फोटो एका पाकिटात पाठवले होते. दगडावर मी, आणि दगडावर तो. रविवारी तिचा आवाज वेगळा होता.

"कुत्रा पाळलास होय? बरं केलंस. तुझ्या फोटोत शेजारी कधी कुणीच नसतं. बघवत नव्हतं रे मला. पाय वर केलाय मेल्याने, पण चेहरा गोड आहे."

कुत्रा आणि कोल्हा यांतला फरक मी साहेबांपासून शेळ्या चारणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना वर्षभर समजावला होता. शेपटीपासून कानापर्यंत सगळं पाठ होतं. बूथमध्ये ते एकदम विसरल्यासारखं झालं. मी म्हणालो, "हो."

त्यानंतर दर रविवारी ती आधी त्याची चौकशी करायची. भिंतीपलीकडचं मला काही दिसत नव्हतं. तरी मी सांगायचो, बरा आहे, हवा तेव्हा बाहेर जातो, परत येतो.

"आणि तू?" ती विचारायची.