एडिंबरोला पोचायला झालेला उशीर

देवावरचा माझा विश्वास त्या दिवशी पीटरबरोच्या थोडं पुढे, शेतात उभ्या राहिलेल्या गाडीत संपला होता. हे लिहायला लाज वाटते. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरी गेली पस्तीस वर्षं मी सकाळी दत्तमहाराजांपुढे निरांजन लावल्याशिवाय चहाला हात लावलेला नाही. पण खोटं लिहून काय उपयोग?

सकाळी आठला एडिंबरोहून फोन आला होता. पलीकडे एक वयस्कर स्कॉटिश बाई होत्या. माझ्या थोरल्या भावाच्या शेजारीण. दादा दहा दिवस हॉस्पिटलमध्ये आहे, फुप्फुसं गेलीत, डॉक्टर आज-उद्याचं बोलताहेत, असं त्यांनी सांगितलं. माझा नंबर त्यांना त्याच्या एका जुन्या डायरीत सापडला होता. फोन ठेवून मी सोफ्यावर तसाच बसून राहिलो. बायकोला म्हणालो, "दादा चाललाय." ती म्हणाली, "अहो, मग बसलात काय? निघा!" बावीस वर्षांत आमच्या घरात त्याचं नाव निघालं नव्हतं.

चूक माझी होती. साताऱ्याला आई गेली तेव्हा दादा आला नाही. स्मशानातून परतल्या परतल्या मी त्याला फोन केला आणि म्हणालो, "आजपासून मला भाऊ नाही." तो पासपोर्टबद्दल काहीतरी सांगत होता, मी मधेच फोन ठेवला. पुढे वर्षभराने एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, की नागरिकत्वाच्या अर्जासोबत त्याचा पासपोर्ट जमा होता आणि तो सुटावा म्हणून तो आठवडाभर वणवण फिरला होता. तेव्हा तरी मी फोन करायला हवा होता. नाही केला. आधी राग होता म्हणून, मग लाज वाटत होती म्हणून. आणि लाज अशी असते, की ती दर वर्षी वाढतच जाते.

पुढे कुठेतरी विजेची तार तुटली होती. गाडी अडीच तास हलली नाही. मी नामस्मरण करायला बसलो, पण नाम तोंडात येईना. मनात म्हणालो, "महाराज, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं एकच द्या. तो असेपर्यंत मला पोचवा." बाहेर मेंढ्या चरत होत्या. समोरची मुलगी फोनवर हसत कुणाला तरी उशीर होईल म्हणून सांगत होती. अर्ध्या तासाने मी मागणंही सोडलं. वाटलं, ऐकायला कुणी नाहीच. आपण इतकी वर्षं एका पितळी मूर्तीपुढे वात जाळत आलो.

एडिंबरोला मी त्याआधी एकदाच गेलो होतो, सत्ताविसाव्या वर्षी. दादा तिथे शिकत होता आणि मी या देशात नवा होतो. चार दिवस त्याने मला आपला पलंग दिला आणि स्वतः जमिनीवर झोपला. शेवटच्या दिवशी भर वाऱ्यात त्याने मला शहरामागच्या टेकडीवर चढवलं. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाला, "मी इथेच राहायचं ठरवलंय. तू येत जा रे." मी हो म्हटलं होतं. आणि आता छत्तीस वर्षांनी स्टेशनातून बाहेर आलो, तर तोच किल्ला, तीच काळवंडलेली दगडी घरं, तीच टेकडी. सगळं जसंच्या तसं राहिलेलं पाहून मला रडू फुटलं. तसाच डोळे पुसत टॅक्सीत बसलो.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. दादा पावणेचारला गेला होता. गाडी वेळेवर आली असती, तर मी अडीचलाच तिथे असतो.

नर्सने मला त्याच्याजवळ नेलं. किती लहान झाला होता तो! मी त्याचा हात धरला, "दादा, मी आलो" म्हणालो, आणि स्वतःचा आवाज ऐकून मलाच किळस आली. बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसलो. त्या घटकेला माझ्याजवळ काहीच नव्हतं, देवसुद्धा नव्हता.

तेवढ्यात चाळिशीच्या एक बाई कोट घालून, पर्स घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या वॉर्डाच्या रिसेप्शनवर काम करतात. "तुम्ही धाकटा आहे ना?" त्या मराठीत म्हणाल्या. मी दचकलो. "सॉरी, माझा मराठी वीक आहे. आजीकडून शिकली. तुमचे दादा दोन दिवस इंग्लिश बोललेच नाही. कोणाला कळत नव्हता. मग नर्सने मला बोलवला."

दादा पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "माझा धाकटा आला का?" त्या दिवशी बाईंची ड्यूटी दोनला संपली, पण घरी जायला त्यांचा पाय निघेना. त्या त्याच्याजवळ बसून राहिल्या. तीनच्या सुमाराला त्याने पुन्हा विचारलं.

"मी सांगितला, ते निघालेत, ट्रेनमध्ये आहेत," बाई म्हणाल्या. आणि मग खाली बघत म्हणाल्या, "मला माफ करा. मी खोटा बोलली. तुम्ही येणार, हे मला कोणीच सांगितला नव्हता."

तीन वाजता मी खरंच गाडीत होतो. शेजारणीने फक्त मला फोन केला होता, हॉस्पिटलला नाही.

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"हसले. म्हणाले, 'त्याला म्हणावं, सावकाश ये. धावपळ करू नको.' मग झोपले. माझा हात पकडला होता. सोडला नाही."

याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही. दादाने मला क्षमा केली का, हेही मला कधी कळणार नाही. तो फोन मी बावीस वर्षं केला नाही, हे काही पुसलं जात नाही, आणि अजूनही मन उदास असतं. पण मी मागितलं होतं ते माझ्यासाठी. मला पोचायचं होतं, मला सुटायचं होतं. वाट मात्र तो बघत होता, आणि त्याच्यापर्यंत उत्तर त्याच्याच भाषेत, वेळेवर पोचलं. आता मी महाराजांकडे काही मागत नाही. डोकं टेकवतो आणि म्हणतो, ज्याला गरज असेल त्याच्याकडे आधी जा. मी थांबेन.