दोन बाटल्या रक्त

डॉक्टर रिपोर्ट वाचत होते. शेजारी आई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती, पुन्हा सोडत होती.

"हेपेटायटिस सी आहे, काकू. यकृत वर्षानुवर्षं सोसतं, दुखत नाही, म्हणून कळतही नाही. आता ते कडक व्हायला लागलंय. गोळ्यांनी विषाणू जाईल. पण पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का?"

बंद बोटावर आवळला गेला.

माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ओवाळताना आई कौतुकानं सांगते, "तुझ्या वेळी मला दोन बाटल्या रक्त लागलं गं!"

इतकी वर्षं काही न बोलता सोसायचं, हे यकृत कुठून शिकलं असेल?

आईनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

"छे हो डॉक्टर," ती म्हणाली, "मला नाही काही आठवत."