राजमतीवैनींची हाक

आमच्या शेजारच्या राजमतीवैनींचा जगात एकाच बाईवर दात होता, तो म्हणजे त्यांच्या सख्ख्या नणंदेवर, कागलच्या अक्काताईंवर. बायकांना सवतीची धास्ती असते, वैनींना साठीच्या विधवा नणंदेची होती. अक्काताईंच्या हातची आमटी वैनींच्या नवऱ्यानं, अण्णाप्पांनी, दोनदा मागून घेतली की वैनी आठवडाभर तोंड फुगवून बसायच्या.

त्र्याऐंशी साली अण्णाप्पांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्यांचं गुळाचं दुकान पुतण्यानं सांभाळलं आणि नवरा पूर्णपणे वैनींच्या ताब्यात आला. सेवेत त्यांनी काही कमी केलं नाही. मऊ गादीवर त्यांना उताणं निजवायच्या आणि गल्लीत कोणी मोठ्यानं बोललं तर खिडकीतून डोळे वटारायच्या. झोपलेल्या नवऱ्याला उठवायचं नाही, त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही माहेरची शिकवण. अण्णाप्पा दणदणीत घोरायचे. मध्येच घोरणं बंद पडलं की वैनी कौतुकानं सांगायच्या, आता कुठं शांत झोप लागली. मग ते गुदमरल्यासारखे दचकायचे आणि पुन्हा सुरू. एवढं झोपूनही माणूस दिवसभर पेंगायचा. बोलण्याचा सराव केला तरच वाचा येईल, असं डॉक्टर बजावायचे, पण सरावाला बसवलं की हे मान टाकायचे.

अक्काताई त्यांना हवापालटाला कागलला घेऊन गेल्या. महिन्यानं अण्णाप्पा परतले ते तरतरीत होऊन, शब्दही फुटू लागले होते. पहिला शब्द 'अक्का' होता, हे पुतण्यानं हौसेनं सांगितलं. वैनींचा नुसता जळफळाट झाला. आपण एवढ्या खस्ता काढायच्या आणि नाव तिचं!

वैनींच्या गादीवर थोड्याच दिवसांत ते पुन्हा पेंगू लागले, आलेले शब्दही मावळले. नणंद काय खाऊ घालते ते बघायला वैनी त्यांना घेऊन स्वतःच कागलला गेल्या. खाणं तर तेच होतं. पण दुपारी अण्णाप्पा घोरायला लागले, तशी अक्काताईंनी बसल्या जागेवरून काठीनं त्यांना ढोसलं.

"कुशीवर हो की रं. किती घोरतूयास!"

वैनींना हवं ते सापडलं. घरी कोल्हापूरला परत येताच त्यांनी डॉक्टरांकडे गाऱ्हाणं नेलं.

"आजारी माणसाला काठीनं ढोसत्यात. तुम्हीच सांगा त्यास्नी चार गोष्टी."

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि ते म्हणाले, की अक्काताईंचंच बरोबर आहे. उताणं झोपलं की यांची जीभ मागं पडते, श्वास अडतो. तुम्हाला शांत झोप वाटते तेव्हा श्वासच थांबलेला असतो. कुशीवर झोपवा, उताणे झाले तर खुशाल उठवा.



त्यानंतर तिसऱ्या दुपारी मी वैनींकडे त्यांचं दळून आणलेलं पीठ द्यायला गेले होते. कुशीवर निजवलेले अण्णाप्पा झोपेत उताणे झाले होते. घोरणं थांबलं. वैनी "अहो" म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं "अहो". श्वास काही येईना. वैनींनी डोळे मिटले, त्यांच्या खांद्याला धक्का दिला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

"अण्णाप्पा, कुशीवर व्हा की!"

ते मोठा श्वास घेऊन वळले आणि झोपेतच स्पष्ट म्हणाले, "व्हय, अक्का."

वैनींनी त्यांच्या पाठीशी लोड लावला, जरा जोरातच. मग डोळे पुसत तिथंच बसून राहिल्या आणि श्वास ऐकत राहिल्या.