मुठीत नीट बसलेली तलवार

मंडळी, तलवारी जमवणाऱ्यांनाच हे कळेल, म्हणून आपल्या ग्रुपवर लिहितोय.

खंडेनवमीला माझी जुनी तलवार एका मित्रानं पूजेसाठी मागून नेली होती. तो जे. पी. नगरला राहतो, मला अण्णा म्हणतो. त्यालाही हाच नाद, पण त्याच्याकडच्या सगळ्या तलवारी नव्या, जुन्यांसारख्या घडवलेल्या. पूजेसाठी मागितलेल्या शस्त्राला नाही कसं म्हणायचं?

आज सकाळी त्यानं ती बनशंकरीला माझ्या घरी आणून दिली. पात्यावर कुंकू तसंच होतं. मी मूठ धरली. चारही बोटं आरामात मावली. जुन्या तलवारींची मूठ लहान असते. माझ्या तलवारीच्या मुठीत माझी करंगळी कधीच मावली नाही. नव्या मात्र आजच्या हाताच्या मापानं बनवतात.

"ही माझी नाही," मी म्हणालो.

तो हसला. "तीच आहे, अण्णा. वयानं तुमचाच हात स्वल्प सुकलाय."

बायकोनं कॉफी आणली. ती निवांत पिऊन तो गेला.

मूठ धरून तलवार ओळखायला मीच त्याला शिकवलं होतं. मला लगेच कळेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी तोंडावर भांडणार नाही, हेही ठाऊक असणार.

तो याच ग्रुपवर आहे. आत्ता हे वाचतही असेल. मी अजून त्याचं नाव लिहिलेलं नाही. तुम्ही माझ्या जागी असता, तर लिहिलं असतं का?