ताईच्या कमरेचं माप

माझी थोरली बहीण बायकांचे कपडे शिवते. दुकान दोघींचं; मी रोज माझ्या घरून येते. कापणं-शिवणं तिचं, काजं, बटणं आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत माझी. सकाळी ती मशीनवर बसली की उठते ती अंधार पडल्यावरच. बसल्या जागी चहा, बसल्या जागी बिस्किटं. समोरच्या बाईची कंबर तिला नुसत्या नजरेने कळते. स्वतःचा कपडा तंग झाला की मात्र ती बाजूची शिवण उसवते, आत मुडपलेलं अर्धा इंच कापड सोडते, नवी टीप मारते आणि विसरून जाते. दहा वर्षं हेच चाललं होतं. कपडा नेहमी अंगाला बसायचाच, मग अंग वाढल्याचं कळणार कसं?

आमचं सगळ्यांचं लक्ष भावोजींवर. ते बस चालवतात. पोट स्टिअरिंगला टेकलेलं, वर सिगरेट, शनिवारी बाटली. मागच्या तपासणीत त्यांचा रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढलेली निघाली. कंपनीने बजावलं, तीन महिन्यांत आटोक्यात आणा, नाहीतर गाडी मिळणार नाही. घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. ताईने त्यांना रोज पहाटे फिरायला पिटाळलं, लपवलेली पाकिटं हुडकून कचऱ्यात टाकली.

फेरतपासणीला आम्ही तिघं गेलो. भावोजी आत होते तोवर ताईने पाण्याची दुसरी बाटली संपवली. गेल्या महिन्यापासून तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो मीच ओवून द्यायचे. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी तिची थट्टाही केली होती. आज मात्र मी तिच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. भावोजींचा रिपोर्ट बरा होता, गाडी वाचली. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिसरी बाटली तोंडाला लावली. बाईंनी ते पाहिलं. लगेच तिचं बोट टोचलं, रक्तदाब घेतला, कमरेला टेप लावला.

"छत्तीस," बाई म्हणाल्या.

"ह्यांची सदतीस आहे," ताई घाईने म्हणाली. "माझी कमीच की!"

"पुरुषांना पस्तीसपर्यंत चालतं. बायकांना साडेएकतीसच्या आत हवी. आणि तुमची साखर तीनशेच्या जवळ आहे."

"पण मी सिगरेट ओढत नाही, दारू पीत नाही. मी काहीच करत नाही हो!"

"दिवसाला चालता किती?"

"घरापासून दुकानापर्यंत."

"म्हणजे किती?"

"दुकान तिच्या घराच्या खालीच आहे," मी म्हणाले. भावोजी हसायला गेले, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं.

"पुरुषाला आम्ही व्यसनं विचारतो," बाई म्हणाल्या. "बाईला व्यसन नाही म्हटलं की पुढचं कोणी विचारतच नाही. आज गोळ्या सुरू करा. डोळे दाखवून घ्या. आणि उद्यापासून सकाळी तासभर चालायचं."

"सकाळी?" ताई खरोखर गोंधळली. "मग डबे कोण भरणार?"

भावोजींनी मान खाली घातली. एरवी मी त्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं असतं. पण डबे दोन असतात. त्यातला एक नऊ वर्षं माझा आहे.